स्टिअरिंगचं ऑइल जातं कुठे?

 

ज्या गटाची स्वतःची पिकअप आहे, किंवा जिच्या घरची गाडी भाड्याने चालते, तिने आज भाड्याची वही जवळ घेऊन बसावं. डिझेल, पंक्चर, ड्रायव्हरचा भत्ता यांच्या मधेमधे कुठे ‘स्टिअरिंग ऑइल’ असं लिहिलेलं सापडतं का ते बघा. वर्षात एखाद्या वेळी असेल तर सोडून द्या. दर आठ-पंधरा दिवसांनी असेल, तर गाडीत गळती आहे. बाटली स्वस्त असते, म्हणून हा खर्च कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बैठकीत टायरवर तासभर भांडण होतं, पण या बाटलीवर कुणी बोलत नाही.

डिझेल जळतं, ते संपणारच. इंजिनचं ऑइलही जुन्या गाडीत थोडंथोडं कमी होतं. स्टिअरिंगचं ऑइल मात्र जळत नाही आणि खपतही नाही. विहिरीतलं पाणी मोटरीने उपसलं, पाटाने फिरवलं आणि परत त्याच विहिरीत सोडलं, तर विहीर आटेल का? हे तसंच आहे. डब्यातलं ऑइल पंप ओढतो, दाबाने स्टिअरिंगकडे पाठवतो, तिथलं काम झालं की ते दुसऱ्या पाईपाने डब्यात परत येतं. कमी झालं याचा अर्थ कुठूनतरी बाहेर गेलं. म्हणून ‘रोज थोडं टाकतो, गाडी चालते’ असं ड्रायव्हर म्हणाला, तर तो दुरुस्ती सांगत नाही, गळती चालू ठेवायचा खर्च सांगतो.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ट्रॅक्टरची लिफ्ट तुम्ही रोज बघता. एवढा जड नांगर एका बोटाच्या दांड्यावर उचलला जातो, तो ऑइलच्या दाबावर. तोच दाब इथे पुढची चाकं वळवायला मदत करतो. पंप इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ साली विक्रीच्या मोटारीत ही सोय पहिल्यांदा दिली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज टोमॅटोचे कॅरेट वाहणाऱ्या पिकअपमध्ये ती आहे आणि असायलाच हवी, कारण भरलेली गाडी नुसत्या हाताच्या जोरावर वळवताना दंड भरून येतात. सगळ्याच गाड्यांत ही ऑइलची पद्धत नसते. काही छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग साधं असतं, काही नव्या गाड्यांत विजेवरचं असतं. बॉनेट उघडल्यावर स्टिअरिंगच्या ऑइलचा वेगळा डबा दिसला, तरच आजचं बोलणं तुमच्या गाडीला लागू आहे.

ऑइल संपलं तर काय होईल? स्टिअरिंग तुटून हातात येत नाही, चाकांशी त्याची लोखंडी जोडणी तशीच राहते. पण ते एकाएकी जड होतं. पहाटे तीनला मोसंबी भरून जाधववाडीच्या मार्केटला निघालेली गाडी, समोरून उसाची ट्रॉली, आणि नेमकं त्या वेळी स्टिअरिंग दगडासारखं झालं, तर ड्रायव्हर कितीही हुशार असो, क्षणभर गोंधळतोच. असं झालं तर घाबरून हात सोडायचे नाहीत. दोन्ही हातांनी जोर लावायचा, ते वळतं. वेग कमी करत गाडी कडेला घ्यायची. दुसरा धोका आगीचा. हे ऑइल पेट घेणारं आहे, आणि सायलेन्सरचा इंजिनजवळचा भाग खूप तापतो. त्यावर ठिबकलं तर आधी जळका वास आणि धूर येतो. तो आला की गाडी पुढे न्यायचीच नाही.

तिसरं नुकसान पैशाचं आहे. पंपाला वंगणही हेच ऑइल देतं. ते कमी पडलं की पंप हवा ओढायला लागतो, स्टिअरिंग वळवताना ‘घूंऽऽ’ असा रडका आवाज येतो, डब्यातल्या ऑइलला ताकासारखा फेस येतो. त्या अवस्थेत महिनाभर गाडी चालवली की छोट्या गळतीपायी पंप जातो. गळकं ऑइल पट्ट्यावर उडालं तर पट्टा घसरतो. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंपही असतो. मग गाडी गरम व्हायला लागते आणि आपण रेडिएटरला दोष देत बसतो.

आता शोधायचं कसं? हे काम गाडी न चालवणारी बाईही करू शकते. माझं तर म्हणणं आहे, जिच्याकडे वही आहे तिनेच करावं.

रात्री गाडी सपाट जागेवर उभी करा आणि इंजिनच्या भागाखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा खोक्याचा पुठ्ठा पसरा. कागद उडू नये म्हणून कडेला दगड ठेवा. कागदावर गाडीची पुढची बाजू कुठली ते खुणेने लिहा, नाहीतर सकाळी कागद उचलला की डाग कुठला होता तेच कळत नाही. सकाळी डाग बघा, बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. स्टिअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं, आणि ते पातळ, गुळगुळीत लागतं. डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं. रेडिएटरचं पाणी हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखंच वाहणारं. डिझेल त्याच्या वासावरून आपल्या सगळ्यांना ओळखता येतं. एसी असलेल्या गाडीखाली नुसतं स्वच्छ पाणी पडतं, त्याची काळजी नको. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, रंग उडवणारं तेल दिसलं तर ते ब्रेकचं असू शकतं. तसं असेल तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी जागची हलवू नका.

डाग स्टिअरिंगच्या ऑइलचा निघाला, तरी डागाच्या बरोबर वर भोक आहे असं समजू नका. इथेच पैसे जातात. छपराची गळती आपल्याला माहीत आहे: पत्रा एका ठिकाणी फुटलेला असतो, पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि भलत्याच ठिकाणी पातेलं ठेवावं लागतं. गाडीतही ऑइल पाईपावरून, लोखंडी चौकटीवरून खाली उतरतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं, आणि सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकतं. म्हणून ठिबकतं कुठे हे बघायचं नाही, सगळ्यात वर ओलं कुठे आहे ते बघायचं.

आमच्या गटाच्या गाडीचं हेच झालं. दर आठवड्याला एक बाटली लागायची. एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तर मिस्त्रीने खाली वाकून बॅटरी मारली आणि सांगितलं, रॅक गेली, अख्खी बदलावी लागेल. रॅक म्हणजे चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारा आडवा भाग, सगळ्या यंत्रणेतला महागातला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून बैठकीत सगळ्या गप्प बसल्या. मोसंबीचा हंगाम तोंडावर, गाडी थांबवता येत नाही, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर. आमच्यातल्या एक ताई आहेत, शाळा चौथीपर्यंत, पण घरची मोटर-पंपाची कामं स्वतः करणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘रॅक ओली आहे हे खरं, पण तिच्यावरचा पाईप का ओला आहे?’

दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना आम्ही डब्यापासून खालपर्यंत सगळं फडक्याने कोरडं पुसलं. चिकटलेली धूळ-ऑइलची वाकळ ब्रशने काढली. मग पाईप, जोड आणि रॅकवर लेकरांच्या अंगाला लावायची पावडर भुरभुरली. ड्रायव्हरदादाला बसवून गाडी सुरू केली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू दहा-बारा वेळा फिरवायला लावलं, आणि गाडी बंद करून आत बघितलं. डब्याखाली परतीचा पाईप जिथे चढवलेला होता, तिथे पांढऱ्या पावडरीत लाल रेघ उमटली होती. तीच रेघ उतरत उतरत रॅकवर आली होती. पाईपाचं टोक उष्णतेने कडक झालं होतं आणि क्लिप ढिली पडली होती. पाईपाचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झालं. मिस्त्री लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याने ओलं दिसलं तिथे बोट ठेवलं. आपण मालकीणबाई म्हणून एक प्रश्न जास्त विचारायला शिकलं पाहिजे: ‘दादा, पुसून दाखवा, आणि ओलं कुठून सुरू होतं ते दाखवा.’

हे करताना चार गोष्टी सांभाळा, यात हयगय नको. इंजिन चालू असताना पट्टा आणि पंखा फिरत असतो. पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाका, बांगड्या काढा. इंजिन चालू असताना बघायचं ते लांबून, हात घालायचा तो इंजिन बंद करूनच. स्टिअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू देऊ नका, पंपावर भार येतो आणि ऑइल तापतं. आणि पंपाकडून स्टिअरिंगकडे जाणाऱ्या जाड, दाबाच्या पाईपावरून चालू इंजिनमध्ये बोट फिरवून गळती शोधू नका. आपल्या गाडीच्या टायरमध्ये हवा ५०-६० भरतो, या पाईपातला दाब त्याच मापाने हजाराच्या वर जातो. सुईएवढ्या भोकातून येणारी धार दिसतसुद्धा नाही आणि कातडीतून आत शिरते. वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही, म्हणून बाई घरी जाऊन हळद लावते. तसं करू नका. असं झालं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं ऑइल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. बोट, हात जाण्यापर्यंत वेळ येते. पाईप तपासायचाच असेल तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा पुढे धरा, ओला झाला की कळतं.

गळती कुठून असू शकते, ते आता स्वस्तापासून महागाकडे जाते. डब्याचं झाकण आणि खुद्द डबा आधी बघा. प्लॅस्टिकला बारीक चीर असते, नाहीतर कुणी ‘मॅक्स’च्या रेघेवर भरून ठेवलेलं असतं आणि तेवढंच बाहेर येतं. मग परतीचा पाईप, ज्याची गोष्ट आत्ता सांगितली. पाईप बाकी मऊ असेल आणि लांबीला ढिला असेल, तर कडक झालेलं टोक इंचभर कापून नव्या पेचाच्या क्लिपने बसवता येतं. बोटाने दाबल्यावर चिरा दिसत असतील तर पूर्ण बदला. बदलताना ऑइलला चालणारा पाईप मागा. ठिबकचा, पाण्याचा पाईप लावला तर तो या ऑइलने आणि उष्णतेने काही दिवसांत फुगून सुटतो. डब्याकडून पंपाकडे जाणारा पाईप मात्र फसवा असतो. तिथे दाब नसून ओढ असते, त्यामुळे जोड ढिला असला तरी ऑइल फारसं ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, पण आवाज येतो आणि डब्यात फेस आहे, असं असेल तर आधी त्याच्या क्लिपा बघायला सांगा.

त्यानंतर दाबाचा पाईप. काही गाड्यांत तो पोकळ बोल्टने जोडलेला असतो आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर असतात. हे वायसर एकदा दाबले की त्यांचं काम संपलं. पाईप उघडला की नवे टाकायचे. ‘जुनेच बसवतो’ म्हटलं तर नाही म्हणा, वस्तू काही रुपयांची आहे. बोल्ट जास्त आवळून गळती बंद करायला गेलं तर आटे जातात. पाईप रबर आणि लोखंड मिळतात त्या दाबलेल्या जोडापाशी पाझरत असेल, तर त्यावर रबराची पट्टी गुंडाळून किंवा मध्येच कापून क्लिपा लावून भागत नाही. हजारावरचा दाब क्लिपेने धरला जात नाही. नवा पाईप घ्या. कंपनीचा मिळत नसेल तर जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रोलिक पाईप मशीनवर दाबून बनवून देणारी दुकानं असतात. तिथे जुना पाईप सोबत न्या, लांबी आणि वळण तेच ठेवायला सांगा, आणि ‘पॉवर स्टिअरिंगचा आहे’ हे सांगून दाबाचा, उष्णतेचा पाईप मागा.

पंपाच्या पुलीमागे ओलं असेल आणि वरचं सगळं कोरडं असेल, तर पंपाचं सील गेलंय. हे मिस्त्रीचं काम. काही पंपांना सीलचा संच मिळतो, काहींना पंपच बदलावा लागतो, तेव्हा दोन्हींची किंमत विचारा. आणि रॅक खरंच गेली का, हे बघायची खूण आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना भात्यासारखी रबरी घडीची टोपी असते. तिची क्लिप सैल करून आत बघायला सांगा. टोपीच्या आत ऑइल साचलेलं असेल तर रॅकचं आतलं सील गेलं, हा खर्च टाळता येत नाही. आत कोरडं असेल आणि बाहेरच ओलं असेल, तर ते ऑइल वरून आलेलं आहे. काही पिकअपमध्ये रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो, तिथे खालच्या बाजूला दांडा बाहेर येतो त्या सीलपाशी बघायचं. बॉक्सचं सील पुष्कळदा एकटं बदलता येतं, म्हणून अख्खा बॉक्स बदलायच्या आधी तेही विचारा.

दुकानात गळती बंद करणारी औषधाची बाटली मिळते. ती सील थोडं फुगवते, पाझर काही दिवस कमी होतो. फुटलेल्या पाईपाला किंवा ढिल्या क्लिपेला तिचा काही उपयोग नाही. माझ्या मते हंगामात तो पैसा वाया.

ऑइल कोणतं टाकायचं हे डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. रंग बघून घेऊ नका, झाकणाचा मोबाईलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवा. ब्रेक ऑइल यात चुकूनही जाऊ देऊ नका, त्याने सगळी सीलं फुगून खराब होतात. उलट हे ऑइल ब्रेकच्या डब्यात गेलं तर ब्रेकची रबरं जातात, आणि ते तर जिवावर. दोन्ही डबे शेजारी असू शकतात, म्हणून डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा.

पाईप उघडला की हवा आत जाते, ती काढावी लागते. गाडी सपाट, टणक जागेवर घ्या. आपली काळी माती जॅकखाली दबते आणि पावसाळ्यात तर जॅकच आत जातो, म्हणून खाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची चाकं उचलून गाडी घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचं नाही, मिस्त्रीलाही शिरू देऊ नका. मग इंजिन बंद ठेवून एकीने स्टिअरिंग या टोकाकडून त्या टोकाला सावकाश फिरवायचं, दुसरीने डब्यावर नजर ठेवून ऑइल कमी होईल तसं घालत राहायचं. दहा-वीस फेऱ्यांत बुडबुडे थांबतात. डबा मध्येच रिकामा झाला तर पुन्हा हवा जाते आणि पहिल्यापासून करावं लागतं. मग इंजिन सुरू करून, ॲक्सिलरेटर न दाबता, तशाच सावकाश फेऱ्या. आवाज गेला आणि फेस बसला की इंजिन बंद करा आणि ‘मिन’ व ‘मॅक्स’च्या मध्ये पातळी ठेवा. काही डब्यांवर थंड आणि गरम अशा वेगळ्या रेघा असतात, त्याप्रमाणे बघा.

तीन रात्री खाली कोरा कागद टाका. डब्यावर पातळीची रेघ मार्करने मारून बाजूला तारीख घाला, म्हणजे पुढच्या बैठकीआधी कुणीही बघून सांगेल. वहीत कोणता भाग बदलला, किती किलोमीटरला आणि पावती कुठे आहे हे लिहा, आणि जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या.

राहिलं काढलेलं जुनं ऑइल. ते कुणी गोठ्याच्या लाकडाला लावतं, कुणी गोचीड मरावी म्हणून बैलाच्या अंगाला चोळतं. जनावर ते चाटतं, कातडी भाजते, म्हणून ते करू नका. ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावरही ओतू नका, आपला भाजीपाला त्याच पाण्यावर आहे. झाकणाच्या डब्यात भरून, वर ‘जुनं ऑइल’ असं लिहून, लेकरांच्या हाताला लागणार नाही तिथे ठेवा आणि पुढच्या वेळी गॅरेजला जाताना त्यांच्या पिंपात टाकून या. ज्या चिंध्यांनी पुसलं त्या चुलीत घालू नका, त्याही गॅरेजवरच द्या.